जिप्सी मातीत उतरवायची तर आधी वही घ्या

उद्यमनगरातल्या माझ्या लेथच्या शेडमध्ये दर पंधरा दिवसांनी कुणीतरी पोरगं येतं आणि मातीतल्या स्पर्धांसाठी बांधलेल्या मारुती जिप्सीकडे बघत विचारतं, "दादा, अशी गाडी बांधायला किती लागतील?" मी त्याला आधी विचारतो, "वर्षाला किती इव्हेंट करणार?" बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. गाडी एकदा बांधून होते, इव्हेंट मात्र दर वेळी पैसे मागतो.

म्हणून वही घ्या. डाव्या पानावर एकदाचा खर्च लिहा, उजव्या पानावर दर इव्हेंटचा, आणि उजवं पान आधी भरा. कोल्हापुरातून दीड-दोनशे किलोमीटरवरच्या दोन दिवसांच्या इव्हेंटला मला गाडी वाहून नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकचे जाऊन-येऊन सोळा हजार लागतात. एन्ट्री फी, पेट्रोल, तिघांची खोली-जेवण आणि परत आल्यावरचं ऑईल-ग्रीस धरलं की पन्नास-पंचावन्न हजार होतात. यात काही मोडलेलं धरलेलं नाही. वर्षाला चार इव्हेंट म्हणजे दोन ते सव्वादोन लाख. ते बाजूला काढून जे उरेल, तेवढ्यातच गाडी बांधायची.

फ्लॅटबेडचे पैसे वाचवायला गाडी चालवत न्यायचा विचार सोडून द्या. स्पर्धेसाठी बदललेली गाडी रस्त्यावर कायद्यात बसत नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा स्पष्ट केलं. शिवाय इव्हेंटमध्ये ॲक्सल गेला तर येताना काय करणार?

गाडी निवडताना जिप्सीच घ्या, हे माझं ठाम मत. १९८५ ची पहिली जिप्सी ९७० सीसीची होती, १९९६ मध्ये १.३ लिटरचं इंजिन आलं, २००० मध्ये एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन. पहिल्या गाडीला कार्बोरेटरवालं १.३ पुरे, कारण ते कुठल्याही तालुक्याच्या गावात दुरुस्त होतं. मूळ वजन हजार किलोच्या आसपास, पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि भक्कम चेसी. उत्पादन बंद झाल्यापासून भाव चढलेत; माझी तिसरी २ लाख ८० हजारांना मिळाली. बघायला जाताना छोटी हातोडी न्या आणि चेसीवर, विशेषतः मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ, ठोकत जा. खणखणीत आवाज यायला हवा. भद्द वाजलं की आतून गंज आहे, तिथून परत फिरा.

आता रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसांना वाचवणारा पाइपांचा पिंजरा. इथे मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण पैसे वाचवायची सगळ्यात वाईट जागा हीच. एफआयए या मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत मुख्य कमानीला ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटरचा कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेला, बिनजोडाचा) पाइप सांगितलाय, बाकीच्या नळ्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. केजच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी. फॅब्रिकेटर म्हणेल, "ईआरडब्ल्यू, म्हणजे जोड झाळलेला पाइप लावू, दिसायला सारखाच." हिशेब करा. ४५ बाय २.५ चा पाइप मीटरला साधारण २.६ किलो भरतो. जिप्सीला सगळ्या मापांचा मिळून तीसेक मीटर, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलो माल. दोन्ही पाइपांच्या भावातला फरक माझ्या वेळी चार-पाच हजारांचा होता. सात-आठ लाखांच्या गाडीत चार हजारांसाठी माणसाचं डोकं पणाला लावायचं नाही. खरे पैसे मजुरीत जातात: बाक देणं, टोकं माशाच्या तोंडासारखी कापणं, आणि प्रत्येक सांधा पूर्ण गोलाईत झाळणं. माझा केज सत्तर हजारांत झाला, तोही लेथ घरचा म्हणून. रेती भरून, तापवून वाकवलेली कमान घेऊ नका. आतल्या बाजूला सुरकुती पडते आणि गाडी उलटली की तिथेच मोडते.

पहिल्या गाडीला मी सगळा पैसा इंजिनात घातला आणि सीट बेल्ट जुने घेतले. स्क्रूटिनीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीला, तपासनिसाने लेबल उलटून पाहिलं, मुदत संपलेली होती. मला उतरू दिलं नाही आणि ते बरोबरच होतं. एन्ट्री, फ्लॅटबेड, खोली, सगळं गेलं; त्यात नवीन बेल्ट दोनदा आले असते. तेव्हा बेल्ट, सीट, हेल्मेट घेताना लेबलवरची तारीख आधी वाचा. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या इव्हेंटला ड्रायव्हर आणि को-ड्रायव्हर दोघांचं लायसन्स लागतं, तेही उजव्या पानावर लिहा.

टायर २३५/७५ आर १५ च्या वर नेऊ नका. मूळ २०५/७० पेक्षा तो जवळजवळ दहा टक्के उंच असतो, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा जड होतो. त्याहून मोठा टायर आणि वर पुढे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक) बसवलात की पुढच्या ॲक्सलचा सीव्ही जॉइंट (वळत्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) तुटायला एक दगड पुरतो.

विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर, लगेच घेऊ नका. गोव्यात २०१४ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या चिखलाच्या स्पर्धेला विंचशिवाय जाताच येत नाही, पण आपल्याकडच्या साध्या ऑटोक्रॉसला (मातीच्या आखलेल्या ट्रॅकवरच्या वेळेच्या शर्यतीला) तिचं काम नाही. घ्याल तेव्हा दुसऱ्या बॅटरीचे पैसे धरा. पूर्ण ओढीला चारशे अँपिअरच्या आसपास करंट जातो आणि मूळ अल्टरनेटरला तो झेपत नाही. विंच घ्याल त्याच दिवशी स्नॅच ब्लॉक, म्हणजे दोर वळवायची कप्पी, मात्र घ्या. त्याने ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि मोटर कमी तापते.

तीन-चारशे रुपयांत सगळ्यात जास्त वाचवणारं काम सांगतो. दोन्ही डिफ (ॲक्सलमधले डिफरन्शियल), गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा) यांच्या ब्रीदरला, म्हणजे हवा ये-जा करायच्या भोकाला, रबरी नळी लावून ती बोनेटखाली उंच बांधा. तापलेला डिफ ओढ्यात उतरला की थंड होतो आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढतो. तरीही इव्हेंटवरून आल्यावर दुसऱ्याच दिवशी ड्रेन बोल्ट उघडा. ऑईल चहासारखं दुधाळ निघालं तर ताजं भरा, गाडी थोडी फिरवा, पुन्हा काढा, स्वच्छ येईपर्यंत. मग पुढचे नकल (चाक वळवणारे सांधे) उघडून किंगपिनच्या बेअरिंगचं ग्रीस बघा, आणि वापरलेल्या प्रत्येक लिटरची नोंद त्याच संध्याकाळी उजव्या पानावर करा.