इंजिनीअरिंगचं इंग्रजी कानात आणि डोळ्यांत कसं बसवायचं

मी रत्नागिरीत सिव्हिलच्या मुलांना शिकवते. लांजा, राजापूर, संगमेश्वर, गुहागरकडून येणारी यातली बरीच मुलं मराठी माध्यमातली. गणितात हुशार, पण पहिल्या महिन्यातच विचारायला येतात, ‘मॅडम, रोज इंग्रजी पेपर वाचू का? इंग्लिश पिक्चर बघू का?’ मी दोन्हीला नाही म्हणते, निदान पहिलं वर्षभर तरी. अग्रलेखात विषयही परका आणि भाषाही परकी. पिक्चरमध्ये तर निम्मं बोलणं पुटपुटल्यासारखं. त्यापेक्षा जे मराठीत डोक्यात पक्कं आहे, तेच इंग्रजीत वाचा आणि ऐका. बीम कसा वाकतो हे ठाऊक असलं की त्याबद्दलचं वाक्य अर्धं आधीच कळलेलं असतं.

वाचनासाठी माझं आवडतं पान म्हणजे आयएस ४५६ : २००० या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकातला तक्ता ३. भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावरून भारतीय मानकं फुकट उतरवून घेता येतात. काँक्रीट कुठल्या वातावरणात आहे, त्याचे पाच वर्ग या तक्त्यात आहेत. पहिला ‘माइल्ड’. हवामानापासून सुरक्षित असलेले काँक्रीटचे पृष्ठभाग, इथपर्यंत मुलं वाचतात, मान डोलावतात आणि घरातल्या कॉलमला एम २० ही ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) लिहून मोकळी होतात. पण स्वल्पविरामापुढे ‘एक्सेप्ट’ बसलेला असतो: किनारी भागातले सोडून. एका शब्दाने आमच्या किनाऱ्यावरचं मांडवी, मिऱ्या, भाट्ये सगळं त्या ओळीतून बाहेर!

मग पुढच्या ओळी सावकाश वाचायच्या. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेलं काँक्रीट ‘मॉडरेट’मध्ये, किनारी वातावरणात उघडं पडलेलं ‘सिव्हिअर’मध्ये, समुद्राच्या पाण्याचे तुषार झेलणारं ‘व्हेरी सिव्हिअर’मध्ये आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं ‘एक्स्ट्रीम’मध्ये. तक्ता ५ प्रमाणे आरसीसीची, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटची, किमान ग्रेड अनुक्रमे एम २५, ३०, ३५ आणि ४०. आता वही घ्या आणि ठरवा: मांडवीच्या जेट्टीचे खांब, मिऱ्याच्या बंधाऱ्यालगतची कुंपणभिंत, बाजारपेठेतल्या घराची आतली खोली. कुठली कुठल्या ओळीत, आणि कुठल्या शब्दामुळे? उत्तरापेक्षा त्या शब्दावर बोट ठेवता येणं महत्त्वाचं.

वाचताना हातात पेन्सिल हवी. ‘एक्सेप्ट’, ‘अनलेस’, ‘प्रोव्हायडेड दॅट’, ‘नॉट लेस दॅन’ दिसलं की गोल करायचा. तळटीप तर सोडायचीच नाही. कव्हरच्या, म्हणजे सळीवरच्या काँक्रीटच्या थराच्या, तक्ता १६ मध्ये ‘सिव्हिअर’ला ४५ मिमी आणि ‘व्हेरी सिव्हिअर’ला ५० मिमी दिसतं. खालची टीप म्हणते, ग्रेड एम ३५ किंवा वरची असेल तर यातून ५ मिमी कमी करता येईल. ‘करता येईल’, करायलाच हवं असं नाही.

मुलं हमखास अडखळतात ती ‘काँक्रीट एक्स्पोज्ड टू कोस्टल एन्व्हायर्न्मेंट’सारख्या ठिकाणी. ‘एक्स्पोज्ड’ हे क्रियापद समजून वाक्य संपवायला बघतात. ते काँक्रीटचं विशेषण आहे: किनारी वातावरणाला उघडं पडलेलं काँक्रीट. तसंच ‘मिनिमम सिमेंट कंटेंट’सारखी नामांची रांग दिसली की शेवटचा शब्द आधी धरा आणि मागे मागे या.

अनोळखी शब्द आला की लगेच डिक्शनरी उघडू नका. त्याच्याविना वाक्य अडतंय, किंवा तो तिसऱ्यांदा आडवा आलाय, तरच बघा.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ७८०५ या व्होल्टेज रेग्युलेटर आयसीची डेटाशीट घ्यावी. तिथला इनपुटचा ३५ व्होल्टचा आकडा ‘ॲब्सोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्ज’च्या मथळ्याखाली आहे, म्हणजे ती ओलांडायची नाही अशी सीमा. आकड्याआधी मथळा वाचणाऱ्याचा आयसी जळत नाही. मेकॅनिकलवाल्यांना वर्कशॉपमधल्या मशीनचं मॅन्युअल पुरे.

ऐकणं जास्त चिवट काम आहे. त्यासाठी एनपीटीईएल. आयआयटी आणि आयआयएस्सीचा ऑनलाइन लेक्चरांचा हा उपक्रम २००३ पासूनचा, आणि त्याच्या कित्येक लेक्चरचं लेखी रूपही मिळतं. अख्खं लेक्चर लावून जेवायला बसू नका. दोन मिनिटांचा तुकडा घ्या. कॅप्शन बंद. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा आकडे आणि क्रियापदं लिहा. तिसऱ्यांदा थांबवत थांबवत जमेल तेवढं वाक्य उतरवा. मग लेखी प्रत उघडा आणि जिथे निसटलं तिथे खूण करा. आठवडाभरात त्या खुणांकडे बघा, तुमचा कान नेमका कुठे चुकतो ते दिसेल. बहुतेकांचा ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’त, नाहीतर ‘कॅन’ आणि ‘कान्ट’मध्ये. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा मान देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर, बाकीची गिळलेली. म्हणून जोर कुठे पडला ते टिपा. ‘थर्टी’त तो सहसा सुरुवातीला, सुटं म्हटलेल्या ‘थर्टीन’मध्ये शेवटाकडे.

आपोआप येणाऱ्या कॅप्शनवर विसंबू नका, तांत्रिक शब्दांचं ती वाट्टेल ते करतात. वेग ०.७५ करायला हरकत नाही, पण तोच तुकडा शेवटी मूळ वेगात ऐकल्याशिवाय उठायचं नाही. आणि बंगाली, तमिळ प्राध्यापकांच्या उच्चारांना नाकं मुरडू नका. उद्या मुलाखत घेणारा चेन्नईचाच असायचा.

पावसात वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नाही, तेव्हा कॉलेजच्या वायफायवरच तुकडे डाउनलोड करून ठेवा. एसटीत नवीन काही ऐकू नका, इंजिनाच्या आवाजात चिडचिड होते. आधी उतरवून काढलेलंच पुन्हा ऐका, आणि ओठांतल्या ओठांत वक्त्याच्या किंचित मागून म्हणत चला. शेजारचे काका बघतील, बघू देत.

वाचन आणि ऐकणं जोडून घेतलं तर उत्तम. कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल तुम्ही गाडीतून पाहिलाय. तो ‘इन्क्रिमेंटल लाँचिंग’ने बांधला: पुलाचा माथा एका टोकाला तुकड्यातुकड्याने ओतायचा आणि जॅकने पुढे ढकलायचा. या पद्धतीवरचं एखादं पान आधी वाचा, मग तिचाच व्हिडिओ लावा. शब्द ओळखीचे होऊन कानावर येतात.

गेट या इंजिनीअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत १०० पैकी १५ गुण जनरल ॲप्टिट्यूडचे असतात आणि त्यात इंग्रजी येतंच. उतारा आला तर आधी प्रश्न वाचा, मग उतारा.

फोनवरच्या मुलाखतीत एखादा प्रश्न अर्धाच कळला तर नुसतं ‘पार्डन’ म्हणून गप्प राहू नका. कळलेला भाग म्हणून दाखवा आणि राहिलेलं विचारा: ‘यू आस्क्ड अबाउट कव्हर, सर. फॉर विच मेंबर?’ आणि घरून बोलणार असाल तर पडवीतल्या पत्र्याखाली बसू नका. एक सर आली की समोरच्याला तुमचं आणि तुम्हाला त्याचं काहीच ऐकू येत नाही.