पक्षाघातानंतर मिटलेली मूठ उघडताना

पक्षाघातातून घरी परतलेल्या माणसाला कोणीतरी रबरी चेंडू आणून देतो आणि तो दिवसभर दाबत बसण्याचा सल्ला देतो. परंतु बहुतेकांची अडचण मूठ वळण्याची नसून उघडण्याची असते, कारण मेंदूचे नियंत्रण सैल झाल्यावर बोटे आत ओढणारे स्नायू ताठर होतात आणि ती उघडणारे स्नायू दुबळे राहतात. ज्यांची मूठ आवळलेली राहते त्यांनी, माझ्या मते, चेंडू तूर्त बाजूलाच ठेवावा.

आवळलेली मूठ बोटांच्या टोकांना धरून कधीही ओढू नये. प्रथम मनगट हलकेच खाली, तळहाताच्या दिशेने वाकवावे. त्यामुळे बोटे आत ओढणाऱ्या स्नायूंवरील ताण कमी होतो आणि बोटे आपोआप सैलावतात. मग अंगठा मुळापाशी धरून बाहेर काढावा, बोटे एकेक करून सरळ करावीत आणि ती सरळ असतानाच मनगट हळूहळू वर आणावे. दुखू लागण्याआधी थांबावे. उठवताना-बसवताना बाधित हात धरून ओढल्यास खांद्याचा सांधा निखळू शकतो, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. हाताला सूज असल्यास बसताना तो उशीवर उंच ठेवावा. बाधित हाताचे स्पर्शज्ञान कमी झालेले असू शकते, त्यामुळे अंघोळीचे पाणी चांगल्या हातानेच तपासावे.

थोडीशी हालचाल येऊ लागली, की हात टेबलावर ठेवून पंजा कडेबाहेर सोडावा आणि मनगट वर उचलण्याचा प्रयत्न करावा. तळहात वर वळवण्याचा सराव तीर्थ घेण्याच्या मुद्रेने करता येतो. दोन्ही हातांखाली पंचा ठेवून जेवणाचे टेबल पुसणे, डब्याचे झाकण काढणे, मटार सोलणे अशी कामे नुसत्या व्यायामापेक्षा अधिक उपयोगी ठरतात, कारण मेंदू हेतू असलेली हालचाल पुन्हा पुन्हा करूनच शिकतो. बोटांच्या चिमटीची पकड बरीच सुधारल्यावर मोड आलेले वाल सोलायला घ्यावेत. डाळिंबी न मोडता साल सुटणे ही मोठी अवघड परीक्षा आहे, आणि आपल्या ठाण्यातल्या घरांत त्यासाठी वेगळे साहित्य आणावे लागत नाही.

हात अजिबात हलत नसेल तर आरशाचा उपाय करून पाहावा. बाधित हात आरशामागे लपवून चांगला हात आरशासमोर हलवायचा आणि प्रतिबिंबाकडे पाहायचे. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांचा सहभाग असलेला यासंबंधीचा एक छोटा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि त्यानंतरच्या अभ्यासांतही काही रुग्णांना फायदा दिसला आहे.

घोडबंदर रस्त्यावरच्या वाहतुकीतून रोज थेरपिस्टकडे जाणे सर्वांना जमत नाही, तेव्हा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून सराव शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडून) हे व्यायाम एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावेत आणि पुढे घरी थोड्या थोड्या वेळाने करावेत. रात्रीचा स्प्लिंट (हात आधाराने योग्य स्थितीत ठेवणारी पट्टी) त्यांनीच मापाने ठरवून द्यावा. इतके करूनही मूठ ताठरच राहिली, तर न्यूरॉलॉजिस्टला ताठर स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनविषयी विचारावे. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो आणि त्याच काळात व्यायाम वाढवावा लागतो.