नर्मदेच्या पावसाचा आणि प्रवाहाचा कल काढताना या चुका टाळा

नर्मदा खोऱ्याचा अभ्यास करायचा म्हटला की बडोद्यातून बहुधा गरुडेश्वर या प्रवाहमापन केंद्राचेच आकडे घेतले जातात. सगळ्यात मोठी चूकही तिथेच होते. प्रवाहाचा आलेख उतरताना दिसला की लगेच ‘पाऊस घटला’ असा निष्कर्ष निघतो. पण गरुडेश्वर सरदार सरोवराच्या खाली आहे, म्हणजे तिथे मोजले जाते ते मुख्यतः धरणातून सोडलेले पाणी. मुख्य कालव्याचे पाणी धरणाच्या वरूनच वळते, ते या मोजणीत येतच नाही. उलट नदीपात्रातले वीजगृह चालू असेल तर भर उन्हाळ्यातही प्रवाह वाढलेला दिसतो. त्याच्याही वर बर्गी, तवा आणि २००५ पासून इंदिरा सागर ही धरणे आहेत. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले.

म्हणून सगळी वर्षे एका रेषेत ओवू नका. धरणे सुरू झाल्याच्या वर्षांनुसार मालिका तोडा, पेटिट या संख्याशास्त्रीय चाचणीने आकड्यांची पातळी अचानक कुठे बदलते ते तपासा, मग नैसर्गिक प्रवाहाचा हिशेब मांडा : मोजलेला विसर्ग, अधिक वरच्या बाजूला उचललेले पाणी, अधिक जलाशयांचे बाष्पीभवन, अधिक साठ्यातली वाढ (घट असेल तर वजा), वजा सिंचनातून नदीत परतलेले पाणी. हे आकडे मिळत नसतील तर मोठे धरण नसलेल्या उपनदीवरचे केंद्र घ्या. अर्धवट दुरुस्तीपेक्षा ते कितीतरी बरे.

एककांचा घोळ पकडायला एक सोपी कसोटी आहे. सरदार सरोवराच्या वरचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८८,००० चौ. किमी. त्यावर १ मिमी पाणी म्हणजे ८.८ कोटी घनमीटर, आणि १,००० क्युमेक (सेकंदाला घनमीटर) प्रवाह दिवसभर वाहिला तर ८.६४ कोटी घनमीटर. म्हणजे जवळपास तेवढेच. वर्षाचा प्रवाह मिमीत बदलून पावसापेक्षा जास्त आला तर चूक तुमच्या गणितात किंवा आकड्यांत आहे. इथे अख्ख्या खोऱ्याचे ९८,७९६ चौ. किमी वापरू नका.

कॅलेंडर वर्षही नको. जलवर्ष १ जून ते ३१ मे धरा. हवामान खात्याचा दैनिक पाऊस सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा असतो, त्यामुळे १५ तारखेच्या नोंदीतला बराच पाऊस १४ तारखेचा असतो. पुराशी तो जुळवताना हा एक दिवस हमखास चुकतो. ‘सरासरीच्या इतके टक्के’ असे आकडे वेगवेगळ्या काळातले असतील तर आधार तपासा : २०२२ मध्ये देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी १९६१–२०१० ऐवजी १९७१–२०२० वर आली आणि ८८ सेंमीची ८७ झाली. पर्जन्यमापक केंद्रांची साधी सरासरी काढू नका, थिसेन बहुभुजांनी (प्रत्येक केंद्राला सर्वांत जवळचा भाग वाटून देणाऱ्या आकृत्यांनी) क्षेत्रानुसार भार द्या. केंद्रे मध्येच बंद पडली असतील तर सलग नोंद असलेलीच ठेवा.

मान-केंडल चाचणी (आकड्यांत चढता-उतरता कल आहे का ते तपासणारी) लावण्याआधी लागोपाठच्या वर्षांचा परस्परसंबंध तपासा. धरणात मागच्या वर्षीचे पाणी उरते, भूजल हळूहळू झिरपते, त्यामुळे आकडे एकमेकांना बांधलेले असतात आणि नसलेला कल ठळक दिसतो.

आणखी एक : पाऊस १० टक्के घटला तर प्रवाहही १० टक्केच घटेल असे धरू नका. माती आणि झाडे आपला वाटा आधी घेतात, त्यामुळे प्रवाहातली घट बहुधा त्याहून मोठी असते.

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुराचा दाखलाही इथे चालत नाही. ती पावागडाकडून येते, ढाढर नदीला मिळते आणि नर्मदा खोऱ्यात मोडत नाही.