घडी वाकडी आली तर आधी चळत पालथी करा

आवक-जावक विभागात नवा माणूस रुजू झाला की घडी घालायचं मशीन त्याच्याच गळ्यात पडतं. बिलं, नोटिसा, सभेची पत्रं, पाकिटात जायचं ते सगळं यातून जातं, आणि नेमकं घाईच्या दिवशी मशीन रुसतं. मी बरीच वर्षं हे काम केलंय आणि माझं मत आता पक्कं आहे: तक्रार मशीनची असली तरी दोष बहुतेक वेळा कागदात, नाहीतर तो ट्रेमध्ये कसा ठेवला त्यात निघतो. त्यामुळे स्क्रू पिळायचं काम सगळ्यात शेवटी.

आत काय चालतं ते एकदा समजून घ्या, मग पुढचं पाठ करावं लागत नाही. लहान ऑफिस मशीनमध्ये फीड रोलर चळतीतला एक कागद ओढतो आणि सेपरेटर पॅड बाकीच्यांना मागे धरून ठेवतं. सुटलेला कागद एका चपट्या खाचेत, म्हणजे फोल्ड प्लेटमध्ये शिरतो आणि तिथल्या स्टॉपला टेकतो. पुढे वाट नाही, मागून रोलर ढकलतायत, म्हणून कागद मध्येच फुगतो. तो फुगवटा दोन रोलर चिमटीत धरतात आणि दाबून बाहेर काढतात. झाली घडी. दुसऱ्या घडीसाठी दुसरी प्लेट. कागद स्टॉपला सरळ टेकला नाही की घडी तिरकी, आणि तिथवर पोचायच्या आधीच फुगला की घडी आखूड. निम्म्या तक्रारींचं मूळ याच दोन वाक्यांत सापडतं.

आता वाकडी घडी. सगळ्यात जास्त डोकं हीच खाते. लोक लगेच स्क्यूचा, म्हणजे तिरकेपणा दुरुस्त करायचा नॉब फिरवायला घेतात. थांबा. थोडे कोरे कागद चालवा आणि कड कुठल्या बाजूला सरकते ते पाहा. मग तीच चळत पालथी करा, पण पुढची कड पुढेच राहू द्या, आणि पुन्हा चालवा. तिरकेपणा दुसऱ्या बाजूला गेला, तर कागद काटकोनात कापलेला नाही. रीम बदला, नॉबला हात लावू नका. तिरकेपणा त्याच बाजूला राहिला, तर मशीनकडे वळा. कागद नुसता १८० अंशांत फिरवून ही परीक्षा होत नाही. समोरासमोरच्या कडा समांतर, पण कोपरे काटकोनात नसतील तर फिरवल्यावरही आकार तोच राहतो आणि आपण उगाच मशीनला दोष देतो. खात्री हवी असेल तर रीममधले दोन कागद घ्या, एक पालथा करून दुसऱ्यावर ठेवा आणि एक कड जुळवा. बाकीच्या कडा जुळल्या नाहीत की उत्तर मिळालं.

मशीनचाच दोष निघाला तर आधी साइड गाइड, म्हणजे ट्रेमधल्या कागदाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बघा. सैल असले तर कागद आत जाताना भटकतो, आवळून धरले तर मध्ये फुगतो. कागदाला जेमतेम स्पर्श व्हावा, इतकेच जवळ आणा. त्यानंतर दोन्ही प्लेट नीट बसल्यात का ते पाहा. साफसफाईनंतर एखादी प्लेट एका बाजूने अर्धवट बसलेली असते, हे फार होतं. स्क्यूचा नॉब त्यानंतर, आणि तोही थोडा-थोडा, दर वेळी एक नमुना काढून.

दोन कागद एकदम जातात तेव्हा कागद बहुधा लेझर प्रिंटरमधून नुकताच आलेला असतो. गरम, वळलेला आणि स्थिर विजेने एकमेकांना चिकटलेला. त्याला थोडा वेळ विसावू द्या, चळत पिसा, कडा ठोकून सारख्या करा आणि ट्रे खुणेच्या वर भरू नका. एवढं करूनही जात असतील तर मग सेपरेटरचा दाब वाढवा. उलट कागद उचललाच जात नसेल, तर रोलरवर कागदाची भुकटी आणि टोनर बसलेला असतो. रोलर चमकायला लागला की समजावं. प्लग काढा आणि माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या द्रवाने, धागे न सुटणाऱ्या फडक्याने, रोलर हाताने फिरवत पुसा. पेट्रोल किंवा थिनर अजिबात नको, रबर खराब होतं. गुळगुळीत आर्ट पेपर मात्र रोलर कितीही पुसले तरी घसरतो. त्याला हवेने कागद उचलणारं मशीन लागतं, त्यावर दिवस घालवू नका.

कागद अडकला तर आधी प्लेट बाहेर काढा, मग कागद. ब्लेड किंवा स्क्रूड्रायव्हर आत घालू नका, रबरावर पडलेली चीर पुढे प्रत्येक कागदावर डाग पाडते. फाटलेले तुकडे बाहेर जुळवून पूर्ण कागद झाला का बघा. एक कपटा सेन्सरसमोर राहिला तरी आत काही नसताना मशीन ‘जॅम’ दाखवत बसतं. गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी शर्टात खोचायला विसरू नका.

मापाचं थोडं. ए४ कागद २९७ मिमी लांब. झेड घडीत, म्हणजे इंग्रजी Z सारख्या उलटसुलट घडीत, ९९-९९-९९ चालतं, पण एक भाग आत मिटणाऱ्या पत्राच्या घडीत तो आतला भाग थोडा आखूड हवा: ९७, १०० आणि १००. नाहीतर आतली कड दुमडते. प्लेटवर छापलेल्या खुणा अंदाजी समजा. नमुना घडी मोजपट्टीने मोजा आणि डीएल पाकिटात, म्हणजे तीन भागांत दुमडलेला ए४ मावतो त्या लांबट पाकिटात, घालूनच बघा. खिडकीचं पाकीट असेल तर पत्ता खिडकीत पूर्ण दिसतो का, तेही.

जाड लेटरहेडची घडी तडकते, कारण ऑफिसचा ए४ कागद सहसा लांबीच्या दिशेने तंतू असलेला असतो आणि पत्राची घडी त्या तंतूंना आडवी पडते. तिथे सेटिंग बदलून फारसं साधत नाही. आधी क्रीज, म्हणजे घडीच्या जागी दाबून रेघ पाडून घ्या किंवा पातळ कागद वापरा. अगदी पातळ कागद चुरगळत असेल तर वेग कमी करा.

तंत्रज्ञाला बोलवायचं झालं तर ‘मशीन बिघडलंय’ एवढंच सांगू नका. खराब निघालेल्या कागदांना क्रमांक द्या, पुढच्या कडेला बाण काढा, कागदाचं जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन) आणि वेग लिहून ठेवा. रबर कडक झालं असेल किंवा त्याला भेगा पडल्या असतील तर तेही सांगा. फीड रोलर आणि सेपरेटर पॅड झिजणारच. दोन्ही एकदमच बदलून मागा, कारण नव्या रोलरखाली जुनं पॅड राहिलं की दोन कागद जाण्याची तक्रार परत येते.