अंतर समीकरणे संगणकावर सोडवताना या चुका टाळा

घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटसाठी ४० लाखांचे कर्ज, वार्षिक ९ टक्के व्याज आणि दरमहा ३५,९८९ रुपयांचे २४० हप्ते, हा ठाण्यातल्या कित्येक घरांतला हिशेब म्हणजे डिफरन्स इक्वेशनचे, अर्थात आधीच्या पायरीच्या किमतीवरून पुढची किंमत देणाऱ्या अंतर समीकरणाचे, सरळ उदाहरण आहे. वार्षिक ९ टक्के म्हणजे दरमहा ०.७५ टक्के व्याज. न-व्या हप्त्यानंतरची बाकी ब(न) मानली, तर ब(न+१) = १.००७५ ब(न) − ३५,९८९ आणि ब(०) = ४०,००,०००.

सिम्पाय या पायथॉन भाषेतल्या बैजिक गणिताच्या लायब्ररीत अशी समीकरणे सोडवणारे आरसॉल्व्ह हे फंक्शन आहे. त्याला १.००७५ असा दशांश दिला, तर अचूक बैजिक उत्तराऐवजी लांबलचक दशांशांचे कडबोळे हाती येऊ शकते. त्यावर ४०३/४०० लिहिणे हा उपाय वाटतो, पण पायथॉन तो भागाकार तिथेच करून पुन्हा दशांशच पुढे पाठवते. म्हणून अपूर्णांक सिम्पायचे 'रॅशनल' वापरूनच द्यावा. मॅक्सिमा या दुसऱ्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये ४०३/४०० अपूर्णांकच राहतो, त्यामुळे ही अडचण येत नाही.

बरोबरीच्या चिन्हाने माझा स्वतःचा बराच वेळ खाल्ला आहे. मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरमध्ये समीकरणासाठी हे चिन्ह दोनदा लिहावे लागते. त्याच सवयीने सिम्पायमध्ये लिहिले की पायथॉन दोन्ही बाजूंची तुलना करून 'फॉल्स' एवढेच ठरवते आणि सॉल्व्हरपर्यंत समीकरण पोहोचतच नाही. सगळी पदे एका बाजूला आणून ती राशीच द्यावी.

सर्वांत फसवी चूक सुरुवातीच्या अटीत होते, कारण तिथे एररही येत नाही. ४० लाख ही रक्कम ब(०) ऐवजी ब(१) म्हणून दिली, तर सूत्र अगदी देखणे मिळते, मात्र २४० व्या पायरीला सुमारे ३५,७४६ रुपये बाकी दिसतात, म्हणजे हिशेब एक महिना मागे सरकलेला असतो. द्विक्रमी समीकरणाला, म्हणजे ज्यात पुढची किंमत आधीच्या दोन किमतींवरून ठरते अशा समीकरणाला, दोन अटी लागतात. एकच दिली तर उत्तरात एक अज्ञात स्थिरांक शिल्लक राहतो.

सूत्र मिळाले की पहिली पायरी हाताने करून पाहावी: ४०,००,००० + ३०,००० − ३५,९८९ = ३९,९४,०११. ब(१) तेवढाच आला पाहिजे. ब(२४०) मात्र शून्य न येता सुमारे २५ रुपये येतो, आणि त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही: खरा हप्ता ३५,९८९ रुपये आणि जवळपास ४ पैसे आहे, आणि दरमहा गाळलेले ते पैसेच व्याजासह साचून २५ रुपये होतात.