बखर, गड आणि सोहळा: रायगडावर शिवराज्याभिषेक समजून घेताना

राज्याभिषेक समजून घ्यायचा असेल तर वाचन आधी, गड नंतर आणि सोहळा सगळ्यांत शेवटी ठेवा. बरेच जण नेमके उलट करतात. ६ जूनच्या गर्दीत पहिल्यांदा रायगड चढतात आणि होळीचा माळ कुठे संपला, बाजारपेठ कुठे सुरू झाली, हेही न कळता उतरतात. सोहळ्यातला उत्साह खराच असतो, पण गड नीट पाहायला गर्दी नसलेला दिवस लागतो.

वाचायला दोन मजकूर पुरे. पहिली कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७च्या सुमारास ती लिहिली गेली. छोटी आहे, सगळी वाचा; राज्याभिषेकाचा भाग मात्र दोनदा. दुसरा हेन्री ऑक्झेंडेन या इंग्रज वकिलाचा, म्हणजे दूताचा, वृत्तांत. तो १६७४च्या दरबारात स्वतः हजर होता. हा वृत्तांत ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ या १९३१च्या संग्रहात सापडतो. ‘शिवभारत’ या महाराजांवरच्या संस्कृत काव्यात राज्याभिषेक शोधू नका, ते अपुरे राहिले आहे, तिथपर्यंत पोहोचतच नाही.

वहीच्या पानावर चार उभे रकाने आखा: सभासद, ऑक्झेंडेन, गडावर पाहिलेले आणि ऐकीव. सभासद बत्तीस मणांचे सोन्याचे सिंहासन आणि एक कोटी बेचाळीस लक्ष होन (सोन्याची नाणी) खर्च सांगतो. प्रसंगानंतर वीसेक वर्षांनी लिहिलेले हे आकडे जमाखर्चाच्या वहीसारखे वाचू नयेत; त्या सोहळ्याचा दबदबा लोकांच्या मनात किती होता, ते त्यांतून कळते. ऑक्झेंडेन डोळ्यांना दिसले ते टिपतो: भाल्यांच्या टोकांवर सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या, न्यायाचा सोन्याचा तराजू. राजवाड्याच्या दाराशी त्याला लहान हत्ती दिसले आणि इतक्या अवघड वाटेने ते वर आणले कसे, याचे त्याला नवल वाटले. ही नोंद ठळक करून ठेवा, चढताना उपयोगी पडेल.

सगळ्यांत जास्त घोळ तारखांत होतो. शक इसवी सनात आणताना चैत्र ते डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६; म्हणजे १६७४. महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१. इथे सवयीने ७८ मिळवले की १६२९ येते आणि वर्ष चुकते. पत्रांत सुहूर सन, म्हणजे अरबी अंकशब्दांत लिहिलेले वर्ष, असेल तर शब्द एककापासून वाचा: ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे ५, ७० आणि १०००, एकूण १०७५. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते. त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, पुढे ६००.

आणखी एक गाठ आहे. ६ जून ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची, कारण इंग्रज १७५२पर्यंत तीच वापरत. पोर्तुगिजांनी ग्रेगरियन पद्धत १५८२ मध्येच घेतली, म्हणून त्यांच्या कालगणनेत तोच दिवस १६ जून येतो. दोन कागदांत दहा दिवसांचा फरक दिसला तर लगेच एकाला खोटे ठरवू नका. आधी कागद कोणाचा ते पाहा.

आता गड. पहिल्या भेटीला रोपवेने वर जाऊ नका, कारण मग महादरवाजाच सुटतो. चित दरवाजाकडून सकाळी सहाच्या आत निघा, माणशी दोन लिटर पाणी घ्या, दीड हजारांच्या आसपास पायऱ्यांना दोन-अडीच तास धरा. उतरताना हवा तर रोपवे घ्या. महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दोन बुरुजांच्या आड तो लपवलेला आहे. तिथे थांबून वळण न्याहाळले की ऑक्झेंडेनचे हत्तींबद्दलचे नवल पटते.

राजसभेत नगारखान्याच्या दारातून शिरा. गर्दी नसेल तर एकाने सिंहासनाच्या जागेपाशी आणि दुसऱ्याने नगारखान्याखाली उभे राहून हळू आवाजात बोला आणि ऐकू येते का ते पाहा. सिंहासनाच्या जागेवरची आजची मेघडंबरी (छत्री) आणि मूर्ती आपल्या काळातली आहे, हे वहीत वेगळे लिहा. वाड्यांची नुसती जोतीच उरली, कारण वरचे बांधकाम लाकडी होते आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी लागलेल्या आगीत ते गेले. बाजारपेठेत घोड्यावर बसून खरेदी व्हायची, हे आणि हिरकणीची कथा ‘ऐकीव’ रकान्यात टाका. आपल्या दोन्ही मजकुरांत त्या नाहीत.

जगदीश्वराच्या देवळात किमान अर्धा तास द्या. भिंतीवरच्या संस्कृत शिलालेखात ‘षण्णवबाणभूमि’ अशी अक्षरे शोधा. षट् म्हणजे ६, नव ९, बाण ५, भूमी १. अंक उलटे मांडायचे, की शके १५९६. पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’ असा, गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजीचा लेख आहे. अक्षरे उठावीत म्हणून खडू, पीठ किंवा हळद अजिबात चोळू नका, दगड खराब होतो. बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा टाकला की झिजलेले अक्षरही वाचता येते.

सोहळा दोनदा होतो: ६ जूनला आणि तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. तिथी दरवर्षी हलते. २०२४ला ती २० जूनला आली, २०२५ला ९ जूनला. पंचांग पाहूनच रजा टाका. आदल्या संध्याकाळी पायथ्याच्या पाचाड गावी पोहोचा, कारण गाड्या बऱ्याच अलीकडे अडवतात आणि रोपवेची रांग तासन्‌तास हलत नाही. जूनमध्ये वर अचानक धुके आणि पाऊस येतो, माथ्यावर आडोसा कमी; छत्रीपेक्षा रेनकोट बरा. जोराच्या पावसात पायऱ्यांवरून पाण्याचे लोट येतात, तेव्हा चढू-उतरू नका. विधी चालू असताना सभासदाचा रकाना उघडा ठेवा आणि आजच्या सोहळ्यात कोणता विधी आहे, कोणता नाही, ते टिपत जा.

निश्चलपुरी गोसाव्याने केलेला दुसरा, तांत्रिक राज्याभिषेक आश्विन शुद्ध पंचमीचा, २४ सप्टेंबर १६७४चा. त्याची खूण सोहळ्यांत फारशी दिसत नाही. दुसऱ्या फेरीसाठी हा दिवस निवडा. पावसाचा जोर तोवर उतरलेला असतो.