एका पऱ्हाटीला चार डॉक्टर

पोळा झाला, गणपती गेले, की आमच्याकडे कपाशीला, म्हणजे पऱ्हाटीला, बोंडं धरायला लागतात आणि सल्ल्यांनाही बहर येतो. परवा शेजारच्या काकांच्या शेतात उभा होतो. सकाळी कृषी केंद्रवाला सांगून गेला होता, "अळी सुरू झाली, आजच मारा." दुपारी कंपनीचा पोरगा आला, त्यानं शेंड्याकडची पानं पाहून पीक वाढवायच्या टॉनिकची बाटली काढली. कृषी सहायक मॅडम फोनवर म्हणाल्या, "काका, अजून पातळी ओलांडली नाही, थांबा." आणि काकांच्या पुण्यातल्या जावयानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता, त्यात चौथंच औषध. काका मला म्हणाले, "चौघंही शिकलेले. मी कोणाचं ऐकू?"

त्यांना जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर लिहितो, कारण पुढचे पाच-सहा आठवडे हाच प्रश्न घरोघरी येणार आहे.

पहिली गोष्ट अशी की तज्ज्ञांची बरीच भांडणं भांडणं नसतातच. ते वेगवेगळ्या शेतांबद्दल बोलत असतात. जिल्ह्याचा हवामान-कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तो लिहिणाऱ्या शास्त्रज्ञासमोर आख्खा जिल्हा असतो, तुमचं तीन एकरांचं वावर नसतं. म्हणून त्यात जवळजवळ प्रत्येक वाक्यात एक शब्द असतो, "असल्यास". "प्रादुर्भाव आर्थिक नुकसान पातळीपेक्षा जास्त असल्यास अमुक औषध फवारावे." (ही पातळी म्हणजे किडीचं इतकं प्रमाण, की त्यापुढे फवारणीच्या खर्चापेक्षा नुकसान जास्त.) आपण काय करतो? औषधाचं नाव आणि मात्रा वाचतो, चिठ्ठीवर उतरवतो आणि दुकान गाठतो. "असल्यास" तिथंच राहतं. वाक्याचा अर्धा सल्ला त्या एका शब्दात आहे आणि तो तपासायचं काम शास्त्रज्ञानं आपल्याकडे सोपवलेलं आहे. मॅडम "थांबा" म्हणाल्या आणि बुलेटिनात औषधाचं नाव छापलं होतं, यात विरोध काहीच नव्हता.

मग ते "असल्यास" कसं तपासायचं? गुलाबी बोंडअळीपुरतं सांगायचं तर एक ब्लेड किंवा धारदार चाकू पुरेसा आहे. शेतात तिरपं फिरा, बांधाकडचीच झाडं धरू नका, आणि वेगवेगळ्या झाडांवरून २० हिरवी बोंडं तोडा. फार कोवळी नकोत, टणक झालेलीही नकोत. बोटानं दाबलं तर जराशी दबतील अशी घ्या. सगळी फोडून पाहा. बोंडाला बाहेरून छिद्र दिसत नाही म्हणून अळी नाही असं समजू नका. अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते की ती आत शिरल्यावर ते छिद्र भरून येतं. वीसपैकी दोन बोंडांत जिवंत अळी सापडली तर १० टक्के झाले, म्हणजे पातळी गाठली. फुलांचंही तसंच: पाकळ्या गुंडाळून गुलाबाच्या कळीसारखं झालेलं फूल, आपली डोमकळी, दहा टक्क्यांवर गेली की थांबू नका. आणि कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, हेक्टरी ५ लावले असतील तर सापळ्यामागे रोज ८ पतंग, सलग तीन रात्री, हा तिसरा निकष. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, पाकिटावरच्या मुदतीप्रमाणे बदला. मुदत संपलेल्या ल्यूरचा सापळा रिकामाच राहतो आणि आपण निवांत बसतो.

हे करायला अर्धा तास लागतो. माझ्या अनुभवात, हा अर्धा तास दिला की चारपैकी दोन सल्ले आपोआप गळून पडतात.

एक जपा. पावसाळी हवेत बोंड फोडल्यावर आतली रुई पिवळसर, तपकिरी, कुजलेली दिसते, पण अळी नसते, तिची विष्ठा नसते, सरकी पोखरलेली नसते. ती बोंडसड. तिच्यावर अळीचं औषध मारणं म्हणजे तापाला खोकल्याचं औषध. दुकानात नुसतं "बोंडं खराब होताहेत" असं सांगाल तर कीटकनाशक मिळेल. फोडलेली बोंडंच पिशवीत घालून न्या.

आता माझी स्वतःची गोष्ट. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास माझी पऱ्हाटी लाल पडली. लाल्या. एका दुकानदारानं मॅग्नेशियम दिलं. ओळखीच्या एका निवृत्त साहेबांनी फोनवर सांगितलं, नत्र कमी पडलं, दोन टक्के युरिया फवार. गावातला एक जाणता म्हणाला, रात्री गार पडू लागल्या की असंच होतं, सोडून दे. मी दोनदा मॅग्नेशियम मारलं, एकदा युरिया. पानं लालच. शेवटी बायको वेचायला गेली आणि एक पान उलटून घेऊन आली: "हे बघा, काय तिरपं पळतंय." तुडतुडे, पानाखाली बसून रस शोषणारे बारीक किडे. पानाच्या कडा आधी पिवळ्या पडून आत वळल्या होत्या, मग लाल झाल्या होत्या, आणि मी वरूनच बघत होतो.

त्या तिघांपैकी खोटं कुणीच बोललं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. लाल्या मॅग्नेशियमच्या कमतरतेनंही होतो. तेव्हा शिरा हिरव्या राहतात, मधला भाग लाल होतो, आणि सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून होते. बोंडांचा भार वाढला, नत्र पानांतून बोंडांकडे गेलं, तरी पान लाल होतं. रात्रीचं तापमान उतरलं तरी होतं. तिघांनी आपापल्या अनुभवातलं सर्वांत जास्त वेळा पाहिलेलं कारण सांगितलं. पान मात्र एकानंही पाहिलं नव्हतं, कारण मी दाखवलं नव्हतं. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "साहेब, हे तुम्ही झाड पाहून सांगताय की माझं ऐकून?" वाईट वाटत नाही कोणाला. चांगला माणूस उलट विचारतो, खालची पानं कशी आहेत, पाणी साचलं होतं का, मागची फवारणी कशाची होती. जो एकही प्रश्न न विचारता औषधाचं नाव सांगतो, तो शास्त्रज्ञ असो की दुकानदार, त्याच्या सल्ल्याला मी अर्धेच गुण देतो. (तुडतुड्यांची पातळी पानामागे २ ते ३ धरतात. वरचं, मधलं, खालचं अशी तीन पानं, उलटून.)

काही वेळा मात्र तपासत बसायला वेळ नसतो. पावसाचा मोठा खंड पडतो, मग धो-धो पाऊस येतो, आणि दुसऱ्या दिवशी हिरवीगार झाडं मान टाकतात. आकस्मिक मर. इथंही सल्ले वेगळे मिळतील. एक जण युरिया २०० ग्रॅम, पांढरा पोटॅश १०० ग्रॅम आणि कॉपर ऑक्झिक्लोराईड २५ ग्रॅम दहा लिटर पाण्यात कालवून झाडाच्या बुडाशी ओतायला सांगेल. दुसरा कोबाल्ट क्लोराईड सांगेल. तिसरा बुरशीनाशकाची महागडी जोडी हातात ठेवेल. त्यांचं कुठं जुळतं ते बघा. ज्यांना यातलं कळतं ते सगळे आधी हेच सांगतील की साचलेलं पाणी चर काढून बाहेर घाला, बुडाशी माती दाबा, आणि जे करायचं ते एक-दोन दिवसांत करा. ही मर मुळांना हवा न मिळाल्यानं येते. तेव्हा चर काढायला घ्या, बाटलीचा वाद संध्याकाळी घाला.

दुकानदारावर मी टीका करतोय असं वाटेल. तसं नाही. तो बारा महिने गावात असतो, उधारी देतो, कोणाच्या वावरात काय चाललंय हे त्याला कृषी खात्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. पण त्याचा सल्ला बाटलीतूनच बाहेर येतो, हेही खरं. "या आठवड्यात काहीच फवारू नका" असं सांगून त्याचं घर चालत नाही. म्हणून त्याला एवढंच विचारा: हे औषध कपाशीवर, याच किडीसाठी, लेबलवर लिहिलेलं आहे का? दाखवा. विकायला परवानगी असलेल्या प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर किंवा सोबतच्या माहितीपत्रकावर पीक, कीड, मात्रा आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं हे छापलेलं असतं, लेबलवर विषाची तीव्रता सांगणारा त्रिकोणही असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. लालवर हात ठेवण्याआधी दोनदा विचार करा. पक्की पावती घ्या, बॅच क्रमांकासकट. आणि दोन-तीन औषधं एका टाकीत मिसळायला सांगत असेल तर साफ नाही म्हणा, लेबलवर तसं लिहिलेलं असल्याशिवाय. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, पंपाचा फवारा अंगावर येत होता. डोक्याएवढ्या पिकात दाटीनं शिरून मारा असं सांगणारा कितीही मोठा असो, त्या सल्ल्यापुरता त्याला हात जोडा.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड या गटातल्या कीटकनाशकांबद्दलही दोन मतं कानावर येतील. "स्वस्त आहे, अळी लगेच खाली पडते," हे खरं. सुरुवातीच्या महिन्यांत मारलं तर मित्रकिडी, म्हणजे नुकसान करणाऱ्या किडींना खाणारे कीटक, मरतात आणि पांढरी माशी उसळते, हेही खरं. एकानं उद्याची सकाळ पाहिली, दुसऱ्यानं पुढचा महिना. अशा वेळी मी एक हिशोब करतो. सल्ला चुकला तर दुरुस्त होईल का? चार दिवस थांबून, सापळे मोजून चूक निघाली तर फवारणी अजून हातात असते. मित्रकिडी मेल्या तर त्या बाजारात मिळत नाहीत.

सल्ल्यालाही बाटलीसारखी मुदत असते. २००२ मध्ये बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली कपाशी, आली, २००६ मध्ये दोन जनुकांची. "बोंडअळीसाठी फवारणीची गरज नाही" असं तेव्हा सांगणारा माणूस चुकीचा नव्हता. तेच वाक्य २०१७ मध्ये ज्यांनी धरून ठेवलं, त्यांची बोंडं गुलाबी अळीनं आतून खाल्ली. मधल्या काळात अळी बीटीला सरावली. यात दोष कुणाचा यावर कंपन्या, शास्त्रज्ञ आणि सरकार यांच्यात बराच वाद झाला. अळी बीटीला सरावू नये म्हणून तेव्हा पाकिटासोबत येणारी १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी आपण बांधाकडेनं पेरली का, हा प्रश्न त्या वादात आपल्यालाही येतो, आणि त्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे. तेव्हा जुना सल्ला कोणी दिला तर विचारा, हे कोणत्या सालातलं?

फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवण्याचा, वाद वेगळ्या जातीचा आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि आपली विद्यापीठं सांगतात, डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत कपाशी उपटा. व्यापारी आणि शेजारी म्हणतात, भाव आहे, एक पाणी द्या, दोन क्विंटल आणखी निघतील. इथं ज्ञानात फरक नाही. वही वेगळी आहे. शेजारी या हंगामातले तुमचे पैसे मोजतो, संस्था पुढच्या हंगामातली आख्ख्या गावाची अळी मोजते. उभ्या फरदडीत अळीला खायला मिळत राहतं आणि सरकीत सुप्त बसलेली अळी पुढच्या वर्षापर्यंत टिकते. मी स्वतः उपटतो, आणि हरभऱ्याला वेळेत रान मिळतं हाही त्यात स्वार्थ आहे.

दोन विद्यापीठांच्या शिफारशी जुळत नसतील तर गोंधळू नका. जमीन पाहा. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागातलं, वावर आणि परभणीकडची काळी जमीन एकच पाणी मागत नाहीत. आपल्या वावरासारख्या मातीवर ज्यांनी प्रयोग केला, ते जवळचे. माती परीक्षणाचा कागद घरात असेल तर फोन करताना हातात ठेवा. किसान कॉल सेंटरला, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलता येतं; तिथंही पेरणीची तारीख, वाण आणि मागची फवारणी आधी सांगा.

एवढं करूनही दोन सल्ले समोरासमोर राहिलेच, समजा शेंडा खुडावा की खुडू नये, किंवा टॉनिक मारावं की नाही, तर वावराच्या मधोमध सहा तासं, म्हणजे झाडांच्या सहा ओळी, कोरी सोडा. दोन्ही टोकांना लाल चिंधी बांधा, म्हणजे मजूर चुकून तिथं शिरणार नाही. कडेची तासं घेऊ नका, तिथं ऊन-वारा वेगळा असतो. वेचताना त्या सहा तासांचा कापूस आणि शेजारच्या सहांचा कापूस वेगळा मोजा, नुसता डोळ्यांनी नको. डोळ्याला टॉनिक मारलेलं नेहमीच जास्त हिरवं दिसतं, खिशातून पैसे गेलेले असतात ना. एका वर्षाच्या फरकावर लगेच शपथ घेऊ नका, पण तीन वर्षं मोजलंत तर कुणाला फोन करायची गरज उरणार नाही. मी टॉनिकचं असंच बंद केलं.

काकांच्या शेतात त्या दिवशी आम्ही वीस बोंडं फोडली. एकात अळी निघाली. काकांनी जावयाला फोन लावून सांगितलं, "एकच आहे, पाच टक्के." सापळ्यात पाच पतंग होते. आज सकाळी सात सापडले. उद्या आणि परवा मोजून झालं की ते दुकानात जातील, किंवा जाणार नाहीत.